गाजावाजा न करता घर विकताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार आला. घर विकायचे आहे, परंतु इमारतीवर फलक लावायचा नाही, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही आणि संकेतस्थळांवर घराची छायाचित्रे टाकायची नाहीत. असे करता येते का आणि तसे करताना आपली फसगत तर होणार नाही ना, असा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमधील सदनिकांना धरून आहेत. बंगला, चाळीतील पागडीची खोली किंवा गावठाणातील घर यांचे नियम निराळे असतात.

प्रश्न : माझे वय ७१ वर्षे असून कोथरूडमधील एका सोसायटीत मी एकटी राहते. सदनिका माझ्या पतींनी १९८७ साली घेतली होती. त्यांच्या निधनानंतर, नामनिर्देशन माझे असल्यामुळे, सोसायटीने भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) माझ्या नावावर करून दिला. मुलगी नागपूरला आणि मुलगा जर्मनीत असतो. मला आता मुलीजवळ राहायला जायचे आहे. अनोळखी माणसांची घरात रीघ लागू नये आणि व्यवहार ठरण्याआधी नातेवाइकांत व सोसायटीत चर्चा होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. जाहिरातीशिवाय घर विकता येईल का? त्यामुळे भाव कमी मिळेल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : घर विकण्यासाठी जाहिरात दिलीच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. आपली भीतीही अनाठायी नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीच्या घराचा पत्ता, खोल्यांची छायाचित्रे आणि दूरध्वनी क्रमांक एकदा व्हॉट्सॲपवर फिरू लागले, की ते कोणाकोणाच्या हाती पोहोचतात यावर आपले नियंत्रण राहत नाही. घर विकून झाल्यावरही ती माहिती वर्षानुवर्षे फिरत राहते. त्यामुळे शांतपणे विक्री करण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो. मात्र जाहिरात टाळल्यामुळे दोन गोष्टी आपोआप मिळेनाशा होतात, एक म्हणजे अनेक गिऱ्हाइके आणि दुसरी म्हणजे बाजारभावाची कल्पना. या दोन्ही गोष्टींची भरपाई आपल्याला स्वतः करावी लागेल.

गिऱ्हाईक शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोथरूडसारख्या जुन्या वस्तीत, मुलाने किंवा बहिणीने याच भागात घर घ्यावे म्हणून वाट पाहणारी कुटुंबे नेहमीच असतात. आपले कौटुंबिक डॉक्टर, करसल्लागार, ज्या बँकेत वर्षानुवर्षे खाते आहे तेथील परिचित अधिकारी, अशा मोजक्या माणसांच्या कानावर गोष्ट घालावी आणि घराचा पत्ता न सांगता फक्त भाग, क्षेत्रफळ व मजला एवढेच पुढे सांगायला सांगावे. याने दोन-तीन महिन्यांत काम झाले नाही, तर एकाच विश्वासू दलालाला काम द्यावे. पाच जणांना सांगितले की शांतता संपलीच. त्या दलालाशी एक पानाचा लेखी करार करावा, कारण महारेराकडील, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील, एजंटांची नोंदणी ही महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी असते आणि आपल्यासारख्या जुन्या इमारतीतील व्यवहारात तिचा आधार मिळत नाही. छायाचित्रे कोठेही टाकायची नाहीत, आपल्या परवानगीशिवाय कोणाला पत्ता द्यायचा नाही, दलाली किती टक्के आणि ती कधी देय होईल, कराराची मुदत किती महिने, एवढे त्यात असले तरी पुरते. पुण्यात दोन्ही बाजूंकडून साधारणतः एक ते दोन टक्के घेण्याचा रिवाज आहे, पण हा आकडा बोलून ठरवायचा असतो आणि तो आधीच लिहून ठेवावा.

घर दाखवताना दिवसाची वेळ द्यावी आणि त्या वेळी घरात आपल्याखेरीज आणखी एक ओळखीची व्यक्ती असावी. पहिल्या भेटीत कागदपत्रांच्या प्रती मुळीच देऊ नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बोलणी पुढे सरकल्यावर, प्रती द्याव्याच लागतात. तेव्हा प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारून ‘फक्त अमुक यांच्या वकिलांच्या तपासणीसाठी’ असे तारखेसह पेनाने लिहावे व सही करावी. आधार कार्डाची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली द्यावी. मूळ करार आणि मूळ भाग दाखला पूर्ण रक्कम हातात येईपर्यंत घराबाहेर, किंवा खरे तर बँकेच्या लॉकरबाहेर, जाता कामा नये. दुसऱ्याच्या सदनिकेचे बनावट दस्त तयार करून कर्ज उचलण्याचे प्रकार घडलेले आहेत आणि त्यांची सुरुवात अशा मोकळेपणाने दिलेल्या झेरॉक्स प्रतींपासून होऊ शकते.

भावाविषयी आपण विचारले आहे. जाहिरात नसली की भाव कमी मिळतोच असे नाही, परंतु पहिल्या गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा हाच बाजारभाव समजला जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणाशीही बोलण्यापूर्वी तीन आकडे हाताशी ठेवावेत. पहिला म्हणजे रेडी रेकनरचा, अर्थात शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांतील, आपल्या विभागाचा दर. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. दुसरा म्हणजे आपल्याच रस्त्यावरील इमारतींमध्ये गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या व्यवहारांचा आकडा. त्यासाठी त्याच संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही विनामूल्य सोय आहे. तिसरा आकडा नोंदणीकृत मूल्यांककाच्या लेखी अहवालातला. त्याला काही हजार रुपये पडतील, पण करआकारणीच्या वेळीही त्याच मूल्यांककाकडून १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य काढून घ्यावे लागणार असल्यामुळे दोन्ही कामे एकदमच करून घ्यावीत. इमारत जवळपास चाळीस वर्षांची आहे, तेव्हा पुनर्विकासाची बोलणी सोसायटीत कोणत्या टप्प्यावर आहेत हे गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांतून पाहून घ्यावे. विकसकाशी करार होण्याच्या बेतात असलेल्या इमारतीतील सदनिकेची किंमत आणि नुसतीच चर्चा चाललेल्या इमारतीतील सदनिकेची किंमत यांत मोठे अंतर असते.

आता आपल्या पत्रातील सर्वांत नाजूक मुद्दा, ज्याविषयी आपण विचारलेले नाही. भाग दाखल्यावर आपले नाव आले म्हणजे संपूर्ण सदनिका आपल्या मालकीची झाली, असे होत नाही. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने ती मालमत्ता सांभाळणारी असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने तर तिला वारस निश्चित होईपर्यंतची तात्पुरती सदस्य असे स्पष्टपणे म्हटले आहे. आपल्या पतींनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आपण, मुलगी आणि मुलगा असे तिघेही समान हिश्शाचे मालक आहात. त्यांच्या निधनाच्या वेळी त्यांच्या मातोश्री हयात असल्यास त्यांचाही तेवढाच हिस्सा होतो. तेव्हा हा व्यवहार नातेवाइकांपासून दूर ठेवायचा असला, तरी या दोन मुलांना पहिल्या दिवसापासून त्यात घ्यावेच लागेल. त्यांनी आपल्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे किंवा खरेदीखतावर विकणारे म्हणून आपल्याबरोबर सह्या कराव्यात. माझ्या मते, मुलांचे एकमत असेल तर हक्कसोडपत्र आधी करून घेणे सोयीचे, कारण शेवटच्या आठवड्यात जर्मनीहून सहीसाठी कागद मागवण्याची धावपळ टळते. परंतु मुलांना रकमेतील वाटा हवा असेल, तर तो हक्क सोडायला लावून नंतर रोख देण्याचा घाट घालू नये. त्यांना विक्रेते म्हणूनच घ्यावे आणि प्रत्येकाच्या हिश्शाची रक्कम त्याच्या त्याच्या खात्यात जाऊ द्यावी.

सोसायटीपासूनही हे काम फार काळ लपवता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाग हस्तांतरित करण्याच्या इराद्याची पंधरा दिवसांची सूचना, घेणाऱ्याच्या संमतीपत्रासह, विहित नमुन्यात सचिवांना द्यावी लागते. विक्रीसाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र मात्र उपविधींप्रमाणे आवश्यक नाही; घेणाऱ्याची कर्ज देणारी बँक ते मागते म्हणून ते घेतले जाते. पुण्यासारख्या महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि ‘इमारत निधीला ऐच्छिक देणगी’ अशा नावाखाली आणखी रक्कम मागितली गेली तर ती देण्याचे आपल्यावर बंधन नाही.

कराविषयी थोडक्यात. निवासी भारतीयांना २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावरील दीर्घकालीन नफ्यावर, मूळ खर्च महागाई निर्देशांकाने वाढवून न घेता १२.५ टक्के किंवा तो वाढवून घेऊन २० टक्के, यांतील जो कर कमी येईल तो भरता येतो. मूळ खर्च म्हणून २००१ चे मूल्य धरता येते, मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या शासकीय मूल्यापेक्षा, जास्त धरता येत नाही. नागपूरला दुसरे घर दोन वर्षांच्या आत घेतल्यास त्या प्रमाणात करसूट मिळते. घर घ्यायचे नसेल तर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंतची रक्कम पाच वर्षांच्या विशेष रोख्यांत गुंतवता येते. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास घेणारा एक टक्का कर कापून सरकारजमा करील. त्याचे प्रमाणपत्र न विसरता मागून घ्यावे.

प्रश्न : ठाण्यातील माझी सदनिका मी एका सहकाऱ्याला विकत आहे. सारे आमच्या दोघांतच ठरले असून कोठेही जाहिरात केलेली नाही. आता त्यांचे वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची म्हणतात. मग इतके दिवस गुप्तता पाळून उपयोग काय? मी नकार देऊ शकतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नकार देता येईल, परंतु देऊ नये. आपल्या मालकीवर बँक, सावकार, दुरावलेला वारस किंवा पूर्वी विसार घेतलेले गिऱ्हाईक यांपैकी कोणाचा दावा आहे का, हे तपासण्यासाठी घेणाऱ्याच्या वकिलाने योजलेला तो जुना आणि रास्त मार्ग आहे. अशी नोटीस साधारणतः एक मराठी व एक इंग्रजी दैनिकात येते. तिच्यात ‘खालील वर्णनाची सदनिका आमचे अशील विकत घेऊ इच्छितात, तरी सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, दान, गहाण, वारसा, पोटगी अथवा अन्य स्वरूपाचा हक्क असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांच्या आत मूळ पुराव्यांसह खालील पत्त्यावर कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही किंवा असल्यास तो सोडून दिला आहे असे समजले जाईल’ अशा धर्तीचा मजकूर असतो. यात किमतीचा उल्लेख नसतो, आपला दूरध्वनी क्रमांक नसतो आणि घेणाऱ्याचे नावही बहुधा नसते. पत्ता असतो तो वकिलाच्या कार्यालयाचा. आपल्याला टाळायची होती ती गिऱ्हाइकांची गर्दी, आणि या नोटिशीमुळे ती होत नाही. शेजारीपाजारी एक-दोन जण वाचतील आणि विचारतील. पण तोपर्यंत किंमत ठरलेली असते आणि विसार घेतलेला असतो.

यापुढची गोष्टही आपण आधीच मनाशी धरून ठेवावी. दस्त नोंदवला गेला की सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे दस्ताचा गोषवारा, तयार होते आणि ती कोणालाही पाहता येते. तिच्यात विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, सदनिकेचा क्रमांक व क्षेत्रफळ, लिहून देणाऱ्याचे व लिहून घेणाऱ्याचे नाव, दस्त केल्याची व नोंदवल्याची तारीख, भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क, असे सारे रकाने भरलेले असतात. म्हणजे विकण्याचा इरादा खासगी ठेवता येतो; झालेली विक्री आणि तिची किंमत कायद्यानेच सार्वजनिक असते. ते टाळण्यासाठी व्यवहार नोंदवायचाच नाही, नुसते मुखत्यारपत्र आणि ताबा पावती करून मोकळे व्हायचे, असा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून दूर राहावे. अशा मुखत्यारपत्रांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

प्रश्न : विलेपार्ले पूर्व येथे आमची सदनिका आहे. शेजारच्या कुटुंबाला ती आपल्या सदनिकेला जोडून हवी आहे. दलाली वाचेल, दाखवादाखवी नको, म्हणून आम्हालाही ते बरे वाटते. मात्र आठ दिवसांत होकार द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे पाहू, असे ते म्हणतात. शेजारी या नात्याने आपला पहिला हक्क आहे, असेही त्यांचे म्हणणे आहे. काय करावे? (एक दांपत्य, मुंबई)

उत्तर : सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये शेजाऱ्याला खरेदीचा पहिला हक्क दिलेला नाही. असा अग्रहक्क कायद्याने सहवारसांना असतो. वारशाने आलेल्या मालमत्तेतील आपला हिस्सा एखादा वारस बाहेर विकू लागला, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे इतर वारस तो स्वतःसाठी मागू शकतात. आपल्या शेजाऱ्यांना तशी कोणतीही तरतूद लागू होत नाही, आणि हे त्यांना नम्रपणे सांगून टाकलेले बरे.

शेजाऱ्याला विकण्याचे फायदे खरे आहेत. इमारत, पाण्याची स्थिती, सोसायटीचे हिशेब, सारे त्यांना ठाऊक असल्यामुळे ऐन वेळी खोड काढून भाव पाडून मागितला जाण्याची शक्यता कमी असते. परंतु त्यांना आपल्यापेक्षा अधिक काही ठाऊक आहे का, याचा विचार आपण करावा. ते व्यवस्थापन समितीवर असतील, पार्ल्यातील जुन्या इमारतींकडे विकसकांची नजर असते हे त्यांना माहीत असेल आणि पुनर्विकासाचा एखादा प्रस्ताव समितीसमोर येऊन पडलेला असेल, तर आठ दिवसांच्या घाईचे कारण तेथेच सापडेल. संस्थेच्या सदस्याला सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि आपल्याशी संबंधित असलेली व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. तो हक्क आपण अजून सदस्य आहात तोवरच वापरावा. त्यांच्या दृष्टीने आपल्या सदनिकेची किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे, कारण त्यांना दोन भिंतींपलीकडचे आणखी एक घर मिळून एक मोठे घर होणार आहे, आणि अशी सदनिका त्यांना दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. ‘दुसरीकडे पाहू’ हे बोलणे मनावर घेण्याचे कारण नाही. मूल्यांककाचा अहवाल येईपर्यंत तीन आठवड्यांची मुदत मागावी.

क्षेत्रफळाविषयी सावध राहावे. जुन्या करारात बांधीव क्षेत्र (भिंतींसह) लिहिलेले असते आणि आज भाव बोलले जातात ते चटई क्षेत्रावर (घराच्या आतील वापरायच्या जागेवर). समजा करारात ४५० चौरस फूट लिहिले असेल, तर ते नेमके कोणते, यावर लाखो रुपयांचा फरक पडतो. मूल्यांककाकडून चटई क्षेत्र मोजून घ्यावे आणि एकूण रकमेवर बोलावे, दर चौरस फुटावर नव्हे.

ओळखीच्या माणसाशी व्यवहार असला की विसार पावती लिहून घेण्याचा संकोच वाटतो. पुढे त्याच संकोचामुळे शेजार कायमचा तुटतो. विसाराची रक्कम व ती ज्या धनादेशाने दिली त्याचा क्रमांक, एकूण किंमत, उरलेली रक्कम केव्हा व कोणत्या हप्त्यांत, घेणाऱ्याला कर्ज मिळाले नाही तर विसाराचे काय, विकणाऱ्याने माघार घेतली तर काय, सोसायटीचे अधिमूल्य कोण भरणार, कपाटे व पंखे घरासोबत जाणार की नाही, आणि संपूर्ण रक्कम मिळाल्यावरच ताबा, एवढे तरी तीत असावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. बँका कर्जाची रक्कम नोंदणीनंतर काही दिवसांनी देतात. त्या मधल्या काळात ‘आपलेच शेजारी आहेत’ म्हणून किल्ली देऊ नये. दोन्ही घरांमधली भिंत पाडण्याचे काम तर रक्कम मिळाल्यानंतर आणि महानगरपालिका व सोसायटी यांची परवानगी आल्यानंतरच सुरू व्हावे. आपला वकील वेगळा असावा. दोघांचा मिळून एकच वकील करण्यात जे काही हजार वाचतात ते वाचवू नयेत.

प्रश्न : नाशिकमधील माझे घर मी माझ्या चुलतभावाला देणार आहे. बाहेरचे कोणी नसल्यामुळे ९० लाखांना देण्याचे ठरले आहे. रेडी रेकनरप्रमाणे मूल्य एक कोटी निघते. घरातल्या घरातला व्यवहार असल्यामुळे त्यास हरकत नसावी ना? शिवाय वीस लाख रोख घ्यावेत, असा भावाचा आग्रह आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कमी किमतीत द्यायला मनाई नाही, परंतु कर आपल्याला ९० लाखांवर नव्हे, एक कोटी धरून भरावा लागेल. मुद्रांक मूल्य हे ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल, तर आयकर खाते ठरलेली किंमत मान्य करते. ९० लाखांचे ११० टक्के म्हणजे ९९ लाख; आपले मूल्य त्याच्या पुढे एक लाखाने जात असल्यामुळे सवलत हुकते आणि पूर्ण एक कोटी हीच विक्रीची किंमत समजली जाते. घेणाऱ्याच्या बाजूने तर हे अधिकच जाचक आहे, कारण मधला दहा लाखांचा फरक त्याचे त्या वर्षाचे उत्पन्न धरला जातो. नातेवाइकांकडून मिळालेल्या मालमत्तेला या नियमातून सूट आहे हे खरे, पण आयकर कायद्याच्या व्याख्येत सख्खे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, पती-पत्नी, आजी-आजोबा, मुले-नातवंडे आणि अशा नात्यांतील जोडीदार येतात. चुलतभाऊ येत नाही. किंमत ९१ लाखांवर नेली तर तिचे ११० टक्के एक कोटी दहा हजार होतात आणि दोघांचाही हा प्रश्न सुटतो. एक लाखासाठी दोघांनी एवढी अडचण ओढवून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. मुद्रांक शुल्क मात्र कोणत्याही परिस्थितीत एक कोटीवरच लागेल, कारण ते किंमत व शासकीय मूल्य यांतील जे अधिक त्यावर आकारले जाते.

रोख रकमेबाबत माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि जेवढी रक्कम रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, बसू शकतो. रक्कम विसार म्हणून घेतली तरी तोच नियम. भावाच्या घरी वीस लाख रुपये रोख आले कोठून, हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. भावावर प्रेम असेल तर त्याला हप्त्यांची मुदत वाढवून द्यावी, व्याज घेऊ नये. पण प्रत्येक रुपया बँकेतूनच यावा आणि धनादेशाचा किंवा हस्तांतरणाचा क्रमांक खरेदीखतात लिहिला जावा. भावजयीच्या नावाने घर घेतल्यास, स्त्री खरेदीदाराला महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत त्यांच्या पदरात पडेल. त्यांनी पैसे वाचवायचेच असतील तर हा सरळ मार्ग त्यांना सुचवावा.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. डोंबिवलीतील आमची सदनिका बंद आहे. वडिलांचे मित्र ती घेण्यास तयार आहेत, त्यामुळे जाहिरात करायची नाही. मला भारतात न येता व्यवहार पूर्ण करता येईल का? (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : करता येईल. आपल्या विश्वासातील व्यक्तीला याच एका सदनिकेपुरते विशेष मुखत्यारपत्र द्यावे. सर्व मिळकतींसाठीचे सर्वसाधारण मुखत्यारपत्र देऊ नये. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावे किंवा तेथील नोटरीपुढे सही करून तेथल्याच राज्य शासनाकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणन, करून घ्यावे. मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. ही मुदत हुकल्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात व्यवहार अडकतात. मुखत्यारपत्रात किमान किंमत, आणि संपूर्ण रक्कम फक्त आपल्या अनिवासी खात्यातच जमा होईल ही अट, असे दोन्ही लिहावे. मुखत्याराला स्वतःच्या खात्यात पैसे घेण्याचा अधिकार देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

आपण अनिवासी असल्यामुळे घेणाऱ्याने कापायचा कर एक टक्का नसून दीर्घकालीन नफ्यासाठी १२.५ टक्के व त्यावर लागू होणारा अधिभार व उपकर इतका असतो, आणि नफा किती हे घेणाऱ्याला ठरवता येत नसल्यामुळे तो सहसा पूर्ण किमतीवर कापला जातो. हे टाळण्यासाठी विसार घेताच आयकर अधिकाऱ्याकडे कमी दराने कपात करण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. वडिलांच्या मित्रांना हा नियम ठाऊक नसण्याची बरीच शक्यता आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे एकच टक्का कापला, तर उरलेला कर व्याजासह त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून त्यांना हे पत्राने आधीच कळवावे आणि प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज नोंदणीची तारीख ठरवू नये. रक्कम जमा झाली आणि ताबा दिला, की मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख दूतावासातूनच करून मुखत्याराला, घेणाऱ्याला आणि सोसायटीच्या सचिवांना पाठवावा.